किम्बर्लीचा मोडलेला हात

सरकारला मी आतापर्यंत सात वेळा बोटं दिली आहेत. दहाच्या दहांचे ठसे, आधी चार एकत्र, मग दुसरी चार, मग अंगठे. माझी बोटं काही दोन वर्षांत बदलत नाहीत, पण परवाना दोन वर्षांचा, म्हणून बोटंही दोनच वर्षं चालतात. आईबापांनी लहानपणी उचलून या देशात आणलेल्या, कागद नसलेल्या पोरांसाठी ही योजना आहे. नागरिकत्व नाही, कायमचा मुक्काम नाही. दोन वर्षं हाकलणार नाही आणि काम करू देऊ, एवढंच. पहिला परवाना मला सोळाव्या वर्षी मिळाला तेव्हा मी आनंदाने रडले होते. आता अर्ज भरताना जांभया येतात.

मी सांगतेय ती गोष्ट मात्र माझी नाही, माझ्या धाकट्या बहिणीची आहे, सित्लालीची. निदान मी तशी समजूत करून घेतली आहे.

मेक्सिकोतलं मिचोआकान सोडून आम्ही अमेरिकेत, यॅकिमाच्या खोऱ्यात आलो तेव्हा मी दहा वर्षांची होते आणि ती तीन. अर्ज करायला पंधरा पूर्ण लागतात. ती पंधराची झाली २०१८च्या मार्चमध्ये, आणि नवे अर्ज घेणं बंद झालं त्याच्या आदल्या सप्टेंबरात. सहा महिन्यांनी हुकलं. एकाच गाडीतून, एकाच रात्रीत सीमा ओलांडलेल्या दोन बहिणी. एक दातांच्या दवाखान्यात काउंटरवर राजरोस बसते आणि दुसरीला कुठे कामाला जायचं तर मान खाली घालून. आमच्याकडे बहुतेक घरांत असं एक ताट वाढलेलं आणि एक रिकामं असतं, त्यामुळे त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

मग २०२०च्या डिसेंबरात कोर्टाच्या हुकुमाने नवे अर्ज पुन्हा घ्यायला लागले. सित्लाली शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. तिला नर्स व्हायचं होतं. चर्चच्या सभागृहात दर शनिवारी ग्रेटाबाई म्हणून एक वकील फुकट सल्ला द्यायला बसायच्या, त्यांच्याकडे मी तिला घेऊन गेले.

"जे करायचं ते लवकर करा," ग्रेटाबाई म्हणाल्या. "हे कधीही पुन्हा बंद पडेल. शाळेचे दाखले छान आहेत. पण ते २००८पासूनचे. मला १५ जून २००७चा पुरावा हवा. त्या दिवशी ती इथे होती, याचा. नियमातली तारीख तीच आहे."

"ती चार वर्षांची होती," मी म्हटलं. "चार वर्षांच्या पोरीचा कसला कागद असणार?"

"काहीही चालेल. लस, दवाखाना, पाळणाघर. जूनच्या आधीचा एक आणि नंतरचा एक मिळाला तर फारच उत्तम. तुमच्या आईने काही जपून ठेवलं असेलच ना?"

सित्लालीला हसू आलं. मला नाही आलं.

आईने कागद ठेवले नव्हते ते हलगर्जीपणाने नव्हे. त्या कामात ती वाकबगार होती. घरभाड्याच्या करारावर एकाचं नाव, विजेच्या बिलावर दुसऱ्याचं. सफरचंदाच्या कोठारात ती ज्या नावाने काम करते ते मी इथे लिहिणार नाही. शाळेतून आलेली चिठ्ठी मी वाचून दाखवली की ती मोरीत धरून काडी लावायची. २०१०मध्ये जनगणनेची बाई दारात आली आणि हसून म्हणाली, घरात माणसं किती? "मी इथे झाडलोट करायला येते," आईने सांगितलं, आणि आठ दिवसांत आम्ही दुसऱ्या गावात राहायला गेलो. त्याच साली बाबा त्यांच्या आईच्या मातीला म्हणून मिचोआकानला गेले आणि त्यांना परत येता आलं नाही. तेव्हापासून तर आईने घरात तारीख असलेलं काही टिकू दिलं नाही. राहावं असं, की गेल्यावर कुणाला आठवू नये, असं ती म्हणायची. आणि आता सरकार म्हणत होतं, तुम्ही इथे होतात हे दाखवा.

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आई स्वयंपाकघरात भाजीसाठी निवडुंगाच्या पानांचे काटे काढत बसली होती. सित्लाली आंघोळीला गेली होती. मी दार लोटून घेतलं.

"दोन हजार सातचं काही आहे का गं?"

"काय असणार? मी काही ठेवलंच नाही." हे ती अजूनही अभिमानाने म्हणाली.

"तिचा हात मोडला होता त्या जूनमध्ये."

सुरी थांबली. "हात किम्बर्लीचा मोडला होता," आई म्हणाली.

"आई."

"कागदावर किम्बर्लीचाच मोडला. तो कागदावरच राहू दे. चायोच्या घरावर आग आणू नकोस."

चायो माझी मावशी, आणि किम्बर्ली तिची मुलगी. सित्लालीपेक्षा दोन महिन्यांनी मोठी, पण इथे जन्मलेली, म्हणजे जन्मानेच नागरिक. नावावरूनच कळतं; इथे जन्मलेल्या पोरांची नावं आमच्या आया टीव्हीवरून ठेवतात. त्या वर्षी चेरीच्या तोडणीला आई पहाटे चारला जायची. माझ्या शाळेला नुकतीच सुट्टी लागली होती, म्हणून सित्लालीला सांभाळायला मी बरोबर जायचे. आम्ही दोघी गाडीत झोपायचो. त्या दिवशी मी झोपलेच राहिले आणि ती उठून तीन पायांच्या शिडीवर चढली. तिची किंकाळी ऐकून मी जागी झाले. कोपर भलत्याच बाजूला वळलं होतं.

चायो मावशी शेजारच्याच रांगेत होती. तिने स्वतःच्या पिशवीतून किम्बर्लीचं दवाखान्याचं कार्ड काढून आईच्या हातात कोंबलं. "दोघी एवढ्या-एवढ्याशा, कोण ओळखतंय," ती म्हणाली. वाटभर आई मला पढवत होती. किम्बर्ली. जानेवारी. इथेच जन्मली. काउंटरवरच्या बाईने आईला काहीतरी विचारलं, आईने माझ्याकडे बघितलं, आणि मी सांगितलं, "तिचं नाव किम्बर्ली." माझं इंग्रजी तेव्हा वर्षाचंही नव्हतं. पण ते वाक्य मी एकही चूक न करता बोलले होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी मला कळलं की त्या दवाखान्यात शेतावरच्या माणसांना कधीच कागद विचारत नसत. सित्लाली म्हटलं असतं तरी त्यांनी प्लास्टर घातलंच असतं. हे मी आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही, आणि त्या दिवशी काउंटरवर बोललं कोण, हे सित्लालीलाही सांगितलं नव्हतं. ती तेव्हा वेदनेने अर्धी बेशुद्ध होती. तिला एवढंच ठाऊक होतं की लहानपणी हात मोडला होता.

आईचं न ऐकता मी दुसऱ्या दिवशी किम्बर्लीकडे गेले. ती रस्त्याच्या कडेला कॉफीच्या टपरीत काम करायची. गर्दी नव्हती. मी खिडकीशी उभी राहून सगळं सांगितलं.

"थांब, थांब," ती म्हणाली. "म्हणजे ती कोपराची भानगड तुमची आहे? अगं, शाळेच्या व्हॉलीबॉल संघाच्या तपासणीला डॉक्टर माझं कोपर दाबदाबून बघत होता. म्हणाला, हाड किती सुंदर जुळलंय. मी म्हटलं, थँक्यू."

"तू आईला विचारलं नाहीस?"

"विचारलं. म्हणाली, लहानपणी पडली असशील, तू धांदरटच होतीस. आणि तुला सांगू? त्या वर्षीची एक लस मला टोचलीच नाही. माझ्या नावावर आधीच टोचून झालेली म्हणे."

ते मला आठवत होतं. प्लास्टर काढायला गेलो तेव्हा नर्सने राहिलेली लसही टोचून टाकली होती. सित्लालीला.

"तुझी फाइल लागेल," मी म्हटलं. "तू अठराची आहेस, तुझी तू मागू शकतेस."

किम्बर्ली थोडा वेळ काउंटर पुसत राहिली. "आईला कळू देऊ नकोस. मी एकवीसची झाले की नागरिक मुलगी म्हणून तिच्या कागदांसाठी अर्ज करायचाय. ती दिवस मोजतेय, माझे वाढदिवस माझ्यापेक्षा तिलाच जास्त लक्षात असतात." मग म्हणाली, "आणते मी. एवढी वर्षं तिचं कोपर माझ्याकडे पडून आहे, परत करायला नको?"

फाइल म्हणजे तीन पानं होती. तेरा जूनला प्लास्टर घातलं, अकरा जुलैला काढलं. पंधरा जून त्या दोन तारखांच्या मधे. उंची, वजन, डावं कोपर, सगळं लिहिलेलं. एवढा चोख पुरावा ग्रेटाबाईंना कुणी आणून दिला नसेल असं वाटून मी गाडी चालवताना गाणं गुणगुणत होते. सित्लाली शेजारी बसून ती पानं उलटसुलट करत होती. नाव किम्बर्लीचं का, तर मावशीने तिचं कार्ड दिलं होतं, एवढंच मी तिला सांगितलं होतं. बाकीचं सांगायला तोंड उघडलं नाही.

सभागृहात ग्रेटाबाईंसमोर बसल्यावर तिने शेवटचं पान मोठ्याने वाचलं. "'रुग्णाच्या आईला इंग्रजी येत नाही. नाव व इतर माहिती मोठ्या बहिणीने सांगितली. नोएमी, वय अकरा.'"

तिने पान खाली ठेवलं. "किम्बर्लीला बहीण नाही," ती म्हणाली.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अकराव्या वर्षी केलेली गोष्ट पंचविसाव्या वर्षी टाइप केलेल्या अक्षरांत समोर आली की सारवासारव करायला काही उरत नाही.

ग्रेटाबाईंनी तिन्ही पानं पालथी घातली आणि आमच्याकडे सरकवली. "हे मी पाहिलेलं नाही."

"पण तारखा बघा ना," मी म्हटलं. "कोपराचा आजही एक्स-रे काढला तर—"

"नोएमी, ऐक. नागरिक नसताना जो नागरिक म्हणून उभा राहतो आणि त्यावर काही फायदा घेतो, त्याला हा कायदा माफ करत नाही. बऱ्याच गुन्ह्यांना कुठे ना कुठे माफीची सोय आहे. याला जवळजवळ नाहीच. आज परवाना, उद्या हिचं लग्न झालं, कायमचे कागद करायची वेळ आली, की हे पान वर येईल."

"ती चार वर्षांची होती."

"हो. आणि ती चार वर्षांची होती म्हणून मी कोर्टात भांडेन, आणि कदाचित जिंकेनही. पण तुम्हाला ते भांडण ओढवून घ्यायचंय का? आणि जिने कार्ड दिलं तिचं काय?" त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. रांगेत आमच्यामागे अकरा माणसं होती. "दुसरं काहीतरी शोधा. एप्रिल संपायच्या आत."

बाहेर येऊन आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली लावली नाही.

"तू सित्लाली म्हणाली असतीस तर?" तिने विचारलं.

"तर हा कागद तुझा असता."

"आणि आज अर्ज पुरा झाला असता."

"हो."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "मला वाटलेलं तू म्हणशील, मी लहान होते, आईने सांगितलं, वगैरे."

"लहान होते. आईने सांगितलं होतं. पण बोलले मीच."

तिने डावं कोपर चाचपलं. मग म्हणाली, "मला एक आठवतं. प्लास्टर होतं तेव्हा घरात सगळे मला किम्बर्ली म्हणायचे. तूसुद्धा. जेवायला बोलावतानाही."

ते खरं होतं. दवाखान्यात पुन्हा जायचं होतं, तिथे पोरीने चुकून खरं नाव सांगू नये, म्हणून आईने महिनाभर घरात तो नियम केला होता. चुकून सित्लाली म्हटलं की मला डोक्यात टपली बसायची.

"मला वाटायचं, हात मोडला की नाव बदलतात," ती म्हणाली. "प्लास्टर काढलं त्या दिवशी तू मला सित्लाली म्हणालीस ना, तेव्हा मी खूश झाले. म्हटलं, बरी झाले एकदाची."

मी रडले. तिने मला रडू दिलं, समजूत घातली नाही, आणि मला तेच योग्य वाटलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "चल आता, भूक लागलीय. दुसऱ्याच्या कोपराचं ओझं घेऊन फिरून दमायला झालंय."

दुसरं काहीतरी सापडलं ते ओफेलियाबाईंकडे. त्या चर्चमध्ये पोरांना धर्मशिक्षण द्यायच्या. आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडे प्रत्येक वर्षाच्या मुलांचे फोटो होते. माझा पहिला प्रसाद, म्हणजे कम्युनियन, २००७च्या जूनमध्ये, सतरा तारखेच्या रविवारी झाला होता. त्या फोटोत मी पांढऱ्या झग्यात, शेजारी आई, आणि माझ्या झग्याच्या घेराआड अर्धी लपलेली सित्लाली. आईने तिला मुद्दाम तिथे उभं केलं होतं, प्लास्टर दिसू नये म्हणून. चेहरा मात्र स्पष्ट होता. मागच्या बाजूला तारीख होती आणि ओफेलियाबाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: 'नोएमी, तिची आई आणि धाकटी.'

"नाव का नाही लिहिलंत?" मी विचारलं.

"कुणी सांगितलं तर लिहिणार ना," त्या म्हणाल्या. "पोरीला विचारलं तर ती आईकडे बघायची. आईला विचारलं तर म्हणाली, लाजते ती. सहा रविवार मी त्या पोरीला धाकटी म्हणूनच हाक मारली. तुझी आई म्हणजे ना, तिच्याकडून वेळ विचारून घेणंही कठीण."

त्यांनी शपथेवर लिहून दिलं की फोटोतली धाकटी म्हणजेच सित्लाली. ग्रेटाबाईंनी फोटो उजेडात धरून बघितला. "बारीक आहे," त्या म्हणाल्या. "पण खोटं नाही. तुमच्या आईनेही लिहून दिलं तर वजन येईल. त्या वर्षी कुठे राहत होतात, मुलगी कुठे होती. पण तिच्यावर बळजबरी करू नका. त्यात तिचं नाव येणार, पत्ता येणार."

मी आईला सगळं वाचून दाखवलं. दोनदा. दुसऱ्यांदा वाचताना मी मुद्दाम सावकाश वाचलं, कारण मला ती नको म्हणाली तर बरं असं थोडं वाटत होतं. सित्लाली दाराला टेकून उभी होती.

"खाली माझंच नाव लिहायचं?" आईने विचारलं. "माझं खरं?"

"हो. आंपारो. पूर्ण."

"आणि इथे राहतो तोच पत्ता?"

"तोच."

आईने हात पुसले आणि पेन मागितलं. सही करायला तिला इतका वेळ लागला की मला वाटलं ती विचार बदलतेय. पण ती फक्त अक्षरं आठवत होती. पंधरा वर्षांत तिने ते नाव कुठे लिहिलंच नव्हतं.

अर्ज एप्रिलमध्ये गेला. मे महिन्यात पावती आली, जूनमध्ये सित्लाली शाळेतून पास होऊन बाहेर पडली, आणि सात जुलैला मी तिला यॅकिमाच्या कचेरीत बोटं द्यायला घेऊन गेले. ती केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून आली होती. बोटं द्यायला इस्त्री लागत नाही हे मी तिला सांगितलं नाही. बाहेर आल्यावर तिने मला हात दाखवले. "बघ, झाले मी," ती म्हणाली. आम्ही वाटेत मक्याची कणसं खाल्ली, चीज आणि तिखट लावून, आणि घरी येईपर्यंत ती कुठल्या कॉलेजात किती वर्षं लागतात तेच सांगत होती.

सोळा जुलैला टेक्सासमधल्या एका न्यायाधीशाने निकाल दिला. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांचा चालू राहील. नव्यांना देता येणार नाही. मी काउंटरवर होते, एका म्हाताऱ्याला जन्मतारीख विचारत होते, आणि फोनवर ग्रेटाबाईंचा निरोप आला. मी त्या माणसाला जन्मतारीख तीनदा विचारली.

घरी जाऊन सांगितलं. सित्लालीने नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे नाकारला?"

"नाही."

"परत पाठवणार?"

"नाही. त्यांच्याकडेच राहील. मंजूरही नाही आणि नामंजूरही नाही."

"मग त्याचं करणार काय?"

"काही नाही. पडून राहील."

ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मी सकाळी उठले तर स्वयंपाकघरात सफरचंदाची आठ-दहा रिकामी खोकी होती आणि आई भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांत भरत होती.

"हे काय चाललंय?"

"सनीसाइडला ओळखीचं घर आहे. मागे खोली आहे. आजच जाऊ."

"आई, थांब जरा."

"कशाला थांबू?" तिने वर पाहिलं. ती रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं. "पंधरा वर्षं मी त्या पोरीला कुणाला दिसू दिलं नाही. सावलीसुद्धा पडू दिली नाही. आणि आता मी माझ्या हाताने तिला लिहून दिलीय. नाव त्यांच्याकडे, पत्ता त्यांच्याकडे, तोंडाचा फोटो, दहाही बोटं. आणि आपल्याकडे काय? एक पावती. चोर तरी घरात शिरून नेतो. इथे आपणच गाडीत घालून नेऊन दिली."

ती म्हणत होती त्यात चूक काहीच नव्हती. सित्लालीला या वाटेवर आणलं होतं मीच, आधी अकराव्या वर्षी आणि मग पुन्हा आता. मीही एक भांडं उचललं आणि गुंडाळायला लागले.

सित्लाली कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. तिचे डोळे सुजले होते. तिने खोक्यातून तवा काढला, कागद सोडवला आणि तवा शेगडीवर ठेवला.

"मी नाही येणार," ती म्हणाली.

"पोरी, ते येतील."

"येतील तर येतील."

"तुला समजत नाही. त्यांना घर माहीत आहे."

"म्हणूनच," सित्लाली म्हणाली. "आई, उत्तर आलं तर कुठे येईल? इथेच येईल ना. आपण नसलो तर ते परत जाईल. मग पुन्हा मी कुठेच नव्हते असं होईल."

आई खोक्याच्या कडेला हात ठेवून तशीच राहिली. ती सित्लालीकडे बघत होती, पण जरा परक्या माणसाकडे बघावं तसं. मग ती खुर्चीत बसली. सित्लालीने तवा तापवला आणि त्यावर आदल्या दिवशीच्या रोट्या टाकल्या.

खाऊन झाल्यावर आईने भांडी एकेक करून परत फळीवर लावली. मग माझ्याकडे जाड काळं पेन मागितलं. मला वाटलं खोक्यांवर काही लिहायचं असेल. ती दार उघडून बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या कडेला आमची टपालपेटी आहे, पत्र्याची, तिच्यावर घराच्या आकड्याशिवाय कधीच काही नव्हतं. आई तिच्यापुढे भर उन्हात उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना सगळं दिसत होतं. तिने सित्लालीचं पूर्ण नाव, बाबांचं आणि स्वतःचं अशा दोन्ही आडनावांसकट, मोठ्या अक्षरांत पेटीवर लिहिलं. मधे एकदा थांबून मागे सरकून बघितलं, आणि पुन्हा पुढे लिहिलं.

आज चार वर्षं झाली. उत्तर आलेलं नाही. आम्ही त्याच घरात आहोत. एवढी वर्षं सलग एका घरात आम्ही पूर्वी कधीच राहिलो नव्हतो. सित्लाली दोन म्हाताऱ्यांकडे त्यांची देखभाल करायला जाते. त्यांना ती नर्सच वाटते. पत्रा उन्हात तापतो आणि अक्षरं फिकी पडतात, म्हणून आई दर उन्हाळ्यात पेन घेऊन बाहेर जाते आणि त्या नावावरून पुन्हा हात फिरवते.